सान मार्तीनोचे नवान्न
इटलीच्या एका सणातील नव्या द्राक्षरसाची, आणि गरिबाच्या तांबड्या वाइनची हकीकत

कोजागरीच्या पौर्णिमेस आपल्याकडे नवान्न पौर्णिमा असेही नाव आहे. कोकणात त्या सुमारास नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात, नव्या तांदळाची खीर देवापुढे ठेवतात आणि मगच घरची माणसे नवे खातात. पीक हाती आले तरी त्याचा पहिला घास आपला नव्हे, ही त्यामागची भावना. गोव्यातील ख्रिस्ती गावांतूनही ऑगस्टच्या दिवसांत ‘कोणसाचें फेस्त’ होते, आणि शेतातील पहिली कणसे वाजतगाजत चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेली जातात. धर्म बदलला तरी शेतकऱ्याच्या मनातील हा संकोच बदलत नाही.

इटलीत हाच संकोच, आणि हाच आनंद, 11 नोव्हेंबर या दिवसाला चिकटलेला आहे. हा दिवस संत मार्टिनचा. इटालियन भाषेत सान मार्तीनोचा. आपली दिवाळी, कार्तिकी एकादशी आणि तुळशीचे लग्न यांच्याच मागेपुढे तो येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडलेल्या द्राक्षांचा रस तोवर पिंपांत आंबून निवलेला असतो. या दिवशी पिंपाची तोटी प्रथम उघडायची आणि यंदाची वाइन कशी उतरली ते घरच्यांनी व शेजाऱ्यांनी मिळून चाखायचे, असा तेथील खेड्यापाड्यांचा जुना रिवाज आहे. सान मार्तीनोला प्रत्येक रसाची वाइन होते, अशा अर्थाची म्हण इटलीभर ऐकू येते.

नवे पीक म्हणजे मद्य, हे वाचून धर्मशील घरातील वाचक क्षणभर थबकतील, आणि ते स्वाभाविक आहे. मनुस्मृतीने सुरापानाची गणना महापातकांत केली आहे. वैद्यांच्या द्राक्षासवापलीकडे आंबलेल्या द्राक्षांशी आपल्या माजघराचा संबंध आला नाही, आणि तो यावा असे सुचविण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. परंतु दुसऱ्याच्या सणास गेल्यावर पानात काय वाढले आहे एवढेच पाहून उठून येऊ नये. यजमानाने ते कोणत्या भावनेने वाढले हेही पाहावे. शिवाय या सणात वाइनइतकीच आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाटणी. अर्ध्या झग्याची, अर्ध्या पिकाची. ती हकीकत आपल्या घरांतून सहज समजण्याजोगी आहे.

अर्धा झगा

मार्टिनचा जन्म चौथ्या शतकात, आजच्या हंगेरीतील एका रोमन गावी झाला. बाप सैन्यातील अधिकारी. बालपण उत्तर इटलीतील पाव्हिया येथे गेले, आणि पुढे कायद्यानेच मुलगाही सैन्यात भरती झाला. फ्रान्समधील आमिएँ शहराच्या वेशीपाशी, कडाक्याच्या थंडीत, एक उघडा भिकारी त्याच्या दृष्टीस पडला. मार्टिनजवळ अंगावरच्या झग्यावाचून काहीच उरले नव्हते. बाकीचे कपडे त्याने आधीच देऊन टाकले होते. त्याने तलवार उपसली, झगा मधोमध कापला आणि अर्धा भिकाऱ्याच्या अंगावर घातला. त्याचा चरित्रकार सुल्पिकियुस सेव्हेरुस याने येथे एक बारीकसा तपशील नोंदवून ठेवला आहे. तो फाटका शिपाई पाहून भोवतालच्या काही लोकांना हसू आले. संतचरित्रे लिहिणारे बहुधा असे तपशील गाळतात. या गृहस्थाने तो ठेवला म्हणून त्याच्या लेखणीवर विश्वास बसतो.

त्या रात्री स्वप्नात साक्षात ख्रिस्त तोच अर्धा झगा पांघरून उभा असलेला मार्टिनला दिसला, अशी कथा आहे. द्वारी आलेल्या याचकाच्या रूपाने देवच आला होता, या प्रकारची कथा मराठी घरांत कोणास नवी वाटावी? तोवर मार्टिनचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. पुढे सैन्य सोडून तो साधू झाला, 371 मध्ये फ्रान्समधील तूर या नगराचा बिशप झाला आणि 397 मध्ये त्याने देह ठेवला. 11 नोव्हेंबर हा त्याच्या दफनाचा दिवस. नोव्हेंबरच्या आरंभी युरोपात थंडी पडू लागल्यावर मध्येच चार-आठ दिवस कोवळे ऊन पडते. झगा दिलेल्या संताला थंडी बाजू नये म्हणून देवाने ते ऊन पाठविले असे भाविक मानतात, आणि इटलीत त्या दिवसांना ‘सान मार्तीनोचा उन्हाळा’ म्हणतात.

वाइनशी या संताचे नाते कसे जडले? एक दंतकथा अशी की, मठाच्या द्राक्षमळ्यात त्याच्या गाढवाने वेलींचे शेंडे खाऊन टाकले. साधू हळहळले, पण पुढील हंगामी त्याच वेलींना अधिक चांगले घोस आले आणि छाटणीची विद्या माणसाला कळली. नाशिककडील द्राक्ष बागाईतदार या कथेवर गालातल्या गालात हसतील. खरे कारण बहुधा पंचांगातच आहे. द्राक्षांचा हंगाम संपून रस निवळण्याची आणि या संताची तिथी एकच पडली. त्याहून जुना धागाही दाखविता येतो. ख्रिस्तपूर्व रोममध्ये 23 एप्रिलला ‘व्हिनालिया’ नावाचा सण होता. त्या दिवशी नव्या वाइनची धार प्रथम ज्युपिटर देवास अर्पण केल्यावरच ती माणसांनी चाखावी असा नियम होता. आपल्या नैवेद्याचाच हा रोमन अवतार.

आणखी एक साम्य, आणि गंमत अशी की ते उलटे आहे. आपला चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो; व्रते सुटतात, लग्नांचे मुहूर्त उघडतात. जुन्या ख्रिस्ती युरोपात या दिवसानंतर नाताळापर्यंतचा उपवासकाळ सुरू होत असे. पाचव्या शतकात तूरचाच एक बिशप पेर्पेतुउस याने या काळात आठवड्यातून तीन दिवस उपवास करावा असे ठरवून दिले होते. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवसांत व्रताची सांगता होते, त्याच दिवसांत तिकडे व्रताच्या पूर्वसंध्येचे जेवण होई. त्या जेवणात भाजलेले चेस्टनट, कित्येक ठिकाणी हंस पक्ष्याचे मांस, आणि नवी तांबडी वाइन.

जिभेवरचे दोन रस

ही वाइन चाखण्याचा विधी खेड्यात फार साधा आहे. तळघरातील पिंपाशी घरातील वडीलधारा माणूस जाडसर काचेचा पेला धरतो. आधी रंग पाहायचा. नव्या वाइनच्या तांबडेपणाला कडेने जांभळी झाक असते, आणि जुनी होत जाते तशी ती विटकरी होते. मग वास घ्यायचा. आंबण्याची क्रिया नीट संपली नसेल, की रस खराब होऊन आंब धरू लागला असेल, ते नाकाला जिभेआधी कळते. शेवटी एक घोट तोंडात घोळवायचा. शहरांतील पारखी ज्यासाठी लांबलचक शब्दावली वापरतात, ते सारे हा शेतकरी मान हलवून सांगतो.

आपल्या आयुर्वेदाने सांगितलेल्या षड्रसांपैकी दोन रस तांबड्या वाइनच्या पारखीत मुख्य आहेत, अम्ल आणि कषाय. आंबट आणि तुरट. तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून, कारण तांबडी वाइन सालीसकट आंबवितात, रंगही सालीचाच. हिरडा चघळल्यावर किंवा फार उकळलेला चहा प्याल्यावर जीभ जशी आखडते, तसा हा गुण. नव्या वाइनमध्ये तो अंगावर येतो, म्हणून तिच्यासोबत पिठूळ, गोडसर चेस्टनट खातात. आवळ्यानंतर पाणी गोड लागावे, तशातला हा मेळ आहे.

इटलीतील सामान्य माणसाच्या जेवणातील तांबड्या वाइन या दोन रसांच्या कमीअधिक प्रमाणाने ओळखता येतात. वायव्येकडील पीएमाँते प्रांतातील ‘बार्बेरा’ आंबटपणात पुढे, तुरटपणात मागे. तेथील तुपकट, मांसाहारी जेवणाला आमसुलासारखा उतारा. तोस्काना व रोमान्या येथील ‘सांजोव्हेसे’ या द्राक्षात आंबट आणि तुरट दोन्ही सारख्या मानाने, पिकायला आलेल्या करवंदाची आठवण करून देणारे. गवताच्या विणलेल्या वेष्टनातील पोटफुगी बाटली ज्यांनी चित्रांत पाहिली असेल त्यांनी या द्राक्षाची ‘क्यांती’ पाहिली आहे. पूर्व किनाऱ्यावरील आब्रुत्सो प्रांताची ‘मोंतेपुल्चानो’ गडद रंगाची व मवाळ. मोंतेपुल्चानो याच नावाचे एक गाव तोस्कानात आहे आणि तेथील नामांकित वाइन मात्र सांजोव्हेसेची असते. नावांच्या या गोंधळात नवखे गिऱ्हाईक नेहमी फसते. दक्षिणेकडे पुलियातील ‘प्रिमितीव्हो’ आणि सिसिलीतील ‘नेरो द’आव्होला’ उन्हाने पिकलेल्या, गोडसर वासाच्या आणि अधिक जोरकस.

कोणत्या नावाखाली कोठली द्राक्षे चालतील याचे नियम इटलीने 1963 च्या कायद्याने घालून दिले. पण गावातील दुकानी आजही सुटी वाइन मिळते. आपण घाण्यावर तेलाचे भांडे घेऊन जावे तसे माणूस रिकामी बाटली घेऊन जातो आणि दोनतीन युरोंना लिटरभर भरून आणतो. मोठ्या कुटुंबांत पूर्वी वर्षाची बेगमी 54 लिटरच्या वेष्टित काचपात्रांत, ‘दामिजानां’त, करून ठेवीत. 1970 च्या आसपास इटलीत माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन खपत असे. आता ते प्रमाण चाळिसाच्याही खाली आले आहे. ती कष्टकऱ्याच्या ताटातील, भाकरीशेजारची वस्तू होती. आता ती हळूहळू सणावाराकडे आणि पाहुणचाराकडे सरकते आहे.

बाजारात ‘नोव्हेल्लो’ या नावाने जी नवी वाइन येते, ती मात्र या पिंपातल्या वाइनची सख्खी बहीण म्हणता येणार नाही. तिच्यासाठी निदान 40 टक्के द्राक्षे न चिरडता, अख्खीच्या अख्खी, कर्बवायूने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. दाण्याच्या आतच आंबण्यास सुरुवात होऊन थोड्या दिवसांत मऊ, फळांच्या वासाची वाइन तयार होते. 2012 पासूनच्या नियमानुसार ती 30 ऑक्टोबरलाच विक्रीस काढता येते. संताची तिथी येण्याआधी बाजार उघडला! प्रस्तुत लेखकास यात व्यापाऱ्याचे चातुर्य दिसते, सण दिसत नाही.

अर्धे पीक

ज्या हातांनी ही वाइन पिळली त्यांच्या वाट्याला ती किती येई, हा प्रश्न या सणाच्या पोटात दडलेला आहे. इटलीत शतकानुशतके ‘मेत्साद्रिया’ नावाची पद्धत होती. शब्दाचा अर्थच अर्धेली. जमीन व घर मालकाचे, श्रम कुळाच्या साऱ्या कुटुंबाचे, आणि उत्पन्न निम्मे-निम्मे. धान्य निम्मे, तेल निम्मे, वाइन निम्मी. शिवाय सणासुदीला कोंबड्या व अंडी मालकाच्या घरी पोचवायची, ती वेगळीच. कुळाच्या वाटणीची चांगली वाइनही पुष्कळदा मिठासाठी व कापडासाठी विकली जाई. मग पिळून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून तो पुन्हा आंबवीत, आणि त्यातून निघणारे फिकट, आंबूस पेय रोजच्या जेवणात पीत. लोणी बाजारात आणि ताक घरात, हे चित्र आपल्या खेड्यांना परके नाही.

या करारांचे वर्ष उत्तर इटलीत, विशेषतः पो नदीच्या खोऱ्यात, नेमके 11 नोव्हेंबरला संपे. आपल्याकडे मराठवाड्यात पाडव्याला किंवा खानदेशात आखाजीला सालगड्याचे साल संपते, तसेच हे. पीक घरात आलेले, नवी पेरणी व्हायची. हिशेब मिटविण्यास याहून सोयीचा दिवस कोणता? मालकाने करार पुढे चालविला तर ठीक. न चालविला तर त्याच दिवशी घर रिकामे करायचे. बैलगाडीवर गाद्या, भांडी, कोंबड्यांची खुराडी आणि वर म्हाताऱ्या आजीला बसवून कुटुंबे दुसऱ्या शेताच्या शोधात निघत. त्या भागाच्या बोलीत ‘सान मार्तीनो करणे’ याचा अर्थच मुळी बिऱ्हाड हलविणे असा झाला. एकाच्या तळघरात नव्या पिंपाची तोटी उघडत असता दुसऱ्याची गाडी त्याच्या दारावरून जात असे. आपला शेवटचा झगा अर्धा कापून देणाऱ्या संताच्या नावाने हे घडत होते, हे त्या लोकांच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही.

एर्मान्नो ओल्मी या दिग्दर्शकाचा ‘खडावांचे झाड’ हा चित्रपट 1978 मध्ये कान येथे सर्वोच्च पारितोषिकास पात्र ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेर्गामोकडील कुळांचे जीवन त्यात आहे. शाळेत जाणाऱ्या लहान मुलाची खडाव मोडते. नवी करण्यासाठी बाप मालकाचे एक झाड चोरून तोडतो. आणि त्या एका झाडापायी साऱ्या कुटुंबाला गाडीत सामान भरून निघावे लागते. शेजारी आपापल्या घरांतून मुकाट्याने पाहत राहतात.

1964 च्या कायद्याने इटलीत अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि 1982 च्या कायद्याने उरलेले करार खंडात बदलून घेण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरवून कुळास जमिनीचा मालक करण्याचे पाऊल उचलले गेले होते, त्याची येथे आठवण होते. तिकडे कायदा येईतो पुष्कळ कुळांची मुले शेते सोडून मिलान-तोरीनोच्या कारखान्यांत पोचली होती.

जिभेला न कळणारा दोष

कारखान्यातील या कामगारांना गावची तांबडी वाइन हवीच होती, आणि ती स्वस्त हवी होती. 1986 च्या मार्च महिन्यात उत्तर इटलीत माणसे अकस्मात आजारी पडू लागली. पोटात कळा, धूसर दृष्टी, मग बेशुद्धी. तपासाअंती उघड झाले की ‘बार्बेरा’ म्हणून अत्यंत स्वस्त दराने विकल्या गेलेल्या मालात मिथेनॉल मिसळलेले होते. पातळ वाइनची तीव्रता वाढविण्यासाठी द्राक्षांचाच आटविलेला रस वापरण्यास इटलीत मुभा आहे. मिथेनॉल त्याहून स्वस्त पडत होते. वीसच्या सुमारास माणसे दगावली आणि कित्येकांची दृष्टी गेली. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे याच विषाने शंभराहून अधिक गरिबांचा बळी घेतला. त्या घरांतील लोकांना हे लक्षणवर्णन वाचण्याचीही गरज नाही.

या विषाची भयंकर गोष्ट अशी की चव आणि वास यांवरून ते ओळखता येत नाही. पिंपाशी पेला धरून उभा राहणारा अनुभवी म्हातारा रंग पाहील, आंब ओळखील, तुरटपणा तोलील. परंतु येथे त्याची जीभही हतबल आहे. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. स्वस्त वस्तू घेणारा मनुष्य पैशांबरोबर आपला विश्वासही दुकानदाराच्या हाती देत असतो. श्रीमंतापाशी पारखून घेण्याचे दुसरे मार्ग असतात, याच्यापाशी नसतात. रोमन कॅथलिक चर्चचा नियम आहे की मिस्साविधीत वापरावयाची वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली असली पाहिजे. देवापुढे भेसळ चालत नाही हे ज्या देशात लहान मुलासही ठाऊक, तेथे मजुराच्या पेल्यात ती चालली.

पीएमाँतेच्या टेकड्यांवरील प्रामाणिक शेतकऱ्यांनाही याची झळ लागली. बार्बेरा या नावालाच ग्रहण लागले, परदेशांत इटालियन माल बंदरांवर अडवून तपासला जाऊ लागला. त्यानंतर तपासणी कडक झाली. अनेक लहान शेतकऱ्यांनी घाऊक व्यापाऱ्याला माल घालणे सोडून आपल्याच नावाची चिठ्ठी लावून बाटल्या भरण्यास आरंभ केला. आज माफक किमतीची बार्बेरा पुन्हा निर्धास्तपणे जेवणाच्या टेबलावर येते, त्यामागे या कुटुंबांची पुष्कळ वर्षांची मेहनत आहे. बाटलीवर द्राक्ष कोठले, भरले कोणी, हे पाहण्याची सवय सामान्य गिऱ्हाइकासही लागली.

आता सान मार्तीनोला गाड्यांवर बिऱ्हाडे दिसत नाहीत. व्हेनिसमध्ये त्या दिवशी मुले डोक्यावर कागदी मुकुट घालून पातेली व झाकणे बडवीत दारोदार हिंडतात, आणि मिठाईच्या दुकानांत घोड्यावर बसलेल्या, हाती तलवार घेतलेल्या संताच्या आकाराची रंगीत साखरेने मढविलेली बिस्किटे मांडलेली असतात. सिसिलीत बडीशेप घातलेली, दोनदा भाजलेली गोल बिस्किटे करतात. ती इतकी कठीण की वाइनमध्ये बुडविल्यावाचून दात लागत नाही. पालेर्मो शहरात तर या सणाचे दोन दिवस आहेत. 11 तारखेचा तो श्रीमंतांचा सान मार्तीनो. ज्यांचे पोट हातावर, ते शनिवारची मजुरी हाती येईपर्यंत थांबत आणि पुढच्या रविवारी तीच बिस्किटे, तीच नवी वाइन घरी आणीत. त्या रविवारास तेथील लोक अजूनही गरिबांचा सान मार्तीनो म्हणतात.